फॉरमॅटच्या आधी

घरच्या संगणकावर चित्र दिसेनासं झालं, व्हिडिओ अडकायला लागला किंवा आवाज गेला, की मुखेडकडे ओळखीपाळखीतून येणारा पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो: फॉरमॅट मारून घ्या. मग ती पेटी, जिला आपल्याकडे सगळे सीपीयू म्हणतात, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून बाऱ्हाळीहून, मुक्रमाबादहून तालुक्याला येते. इथं जमलं नाही तर उदगीर, देगलूर, नाहीतर थेट नांदेड. विंडोज नव्यानं पडतं, पैसे दिले जातात आणि डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये ठेवलेले पोरांचे फोटो, बचत गटाचा हिशेब, शाळेचे कागद पुसले जातात. घरी आणून जोडावं तर पडद्यावर पुन्हा ‘नो सिग्नल’, कारण बिघाड वायरीत होता आणि वायर घरीच राहिली होती.

चित्राच्या आणि व्हिडिओच्या तक्रारींवर फॉरमॅट फार क्वचित लागू पडतो. का, ते चित्राचा प्रवास पाहिला की समजतं. फाईल प्लेअर उघडतो, तो ती उलगडतो, उलगडलेलं चित्र ग्राफिक्स ड्रायव्हरकडे जातं, तिथून ग्राफिक्स चिपकडे, मग मागच्या सॉकेटातून वायरीत, वायरीतून मॉनिटरच्या आतल्या सर्किटात, तिथून काचेच्या पॅनलवर, आणि पॅनलच्या मागे दिवा असतो म्हणून ते आपल्याला दिसतं. यातले विंडोजच्या हातात असलेले टप्पे फक्त पहिले दोन-तीन. बाकीचे सगळे लोखंड, तांबं, काच आणि वीज यांचे आहेत. तेव्हा पहिलं काम एकच, साखळी नेमकी कुठं तुटली ते शोधणं. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक तपासण्या फुकट आहेत.

सगळ्यात उपयोगी तपासणी मॉनिटरच्या बटणांत आहे आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. मॉनिटरच्या कडेला किंवा खाली ‘मेनू’चं बटण असतं. ते दाबल्यावर पडद्यावर उजेड-रंगाची जी चौकट उमटते, ती मॉनिटर स्वतः काढतो, संगणकाचा तिच्याशी काही संबंध नसतो. पडद्यावर रेघा येत असतील, चित्र थरथरत असेल, तर ती चौकट उघडून बघा. चौकटही थरथरते? दोष मॉनिटरमध्ये. चौकट स्वच्छ आणि मागचं चित्रच खराब? मग मॉनिटर निर्दोष आहे, वायर किंवा पेटी बघा. ‘नो सिग्नल’ ही पाटी स्वच्छ दिसत असेल तर तीसुद्धा चांगलीच खूण आहे: पॅनल आणि दिवा दोन्ही शाबूत आहेत, फक्त चित्र पोचत नाही.

दुसरी तपासणी स्क्रीनशॉटची. पडद्यावर डाग, ठिपके, विचित्र रंग दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि मोबाईलवर पाठवा. मोबाईलवरही तोच डाग दिसला तर चित्र संगणकाच्या आतच बिघडलेलं आहे, ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम तपासा. मोबाईलवर चित्र स्वच्छ दिसलं तर बिघाड बहुतेक पुढच्या टप्प्यांत, म्हणजे सॉकेट, वायर, मॉनिटर यांत आहे. ग्राफिक्स चिपचे काही दोष या तपासणीतून निसटतात, पण पहिला अंदाज बांधायला ती पुरते.

वायरीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागात जुन्या व्हीजीए वायरी अजून खूप आहेत. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, गावोगाव एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले, त्या काळातले संगणक याच निळ्या टोकाच्या वायरीवर चालत. या टोकाला पंधरा पिना असतात. पहिली लाल रंग नेते, दुसरी हिरवा, तिसरी निळा. त्यामुळे एक पिन वाकली किंवा आतली तार तुटली की पडदा काळा होत नाही, एक रंग गळतो. हिरवा गेला तर सगळं जांभळट-गुलाबी, निळा गेला तर पिवळं, लाल गेला तर आकाशी-हिरवट. म्हणजे पडद्याचा रंगच सांगतो कुठली पिन बघायची. वायर काढा, टोक उजेडात धरा, वाकलेली पिन चिमट्यानं हळूच सरळ करा. एक सावधगिरी मात्र हवी: अनेक वायरींत नववी पिन मुळातच नसते, ती तुटली म्हणून घाबरू नये. पडदा नुसताच हलका पिवळसर, तोही फक्त संध्याकाळी होत असेल, तर वायरीला हात लावण्याआधी विंडोजचं ‘नाईट लाईट’ चालू आहे का ते पाहावं.

व्हीजीए ही विजेच्या चढउतारावर चालणारी जुनी पद्धत आहे, तिच्यात चित्र आकड्यांच्या रूपात जात नाही. म्हणून वायर जितकी लांब तितकं चित्र फिकट होतं, अक्षरांच्या शेजारी सावली पडते. २०१५च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, संगणक, टीव्ही घेतले. अशा वर्गात छताच्या प्रोजेक्टरपर्यंत लांबच लांब व्हीजीए ओढलेली असेल आणि फळ्यावर अक्षरांना सावली येत असेल, तर दोष प्रोजेक्टरचा समजू नये. शाळेतला आणखी एक नेहमीचा प्रसंग म्हणजे प्रोजेक्टर जोडला आणि संगणकाचा स्वतःचा पडदा कोरा झाला. विंडोज आणि पी ही दोन बटणं एकत्र दाबली की पर्याय येतात, त्यांतला ‘डुप्लिकेट’ निवडला की दोन्हीकडे चित्र येतं. ‘फक्त दुसरा पडदा’ हा पर्याय चुकून निवडला गेला, एवढंच घडलेलं असतं.

कंपन्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप स्वस्तात मिळतात आणि ते घ्यायला हरकत नाही. पण त्यांच्यापैकी अनेकांना एचडीएमआयचं सॉकेट नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं. मग जोडणी, म्हणजे ॲडॅप्टर, विकत आणली जाते आणि ती चालत नाही. कारण या जोडण्या एकाच दिशेनं काम करतात. एचडीएमआयचं व्हीजीए करणारी जोडणी व्हीजीएचं एचडीएमआय करू शकत नाही, तिच्या आत छोटी चिप असते आणि ती एकाच बाजूनं भाषांतर करते. दुकानात ‘पेटीकडून काय निघतं आणि मॉनिटरमध्ये काय शिरतं’ हे दोन्ही सांगूनच जोडणी घ्यावी. पेटीत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डाच्याच सॉकेटात हवी. मदरबोर्डाच्या सॉकेटात लावली तर बऱ्याच संगणकांवर चित्र येत नाही आणि नवीन कार्ड खराब निघालं असा समज होतो.

पडदा पूर्ण काळा, पण मॉनिटरचा छोटा दिवा चालू आणि विंडोज सुरू झाल्याचा आवाजही आला, तर खोलीत अंधार करून मोबाईलची टॉर्च पडद्यावर तिरकी मारा. अगदी पुसट आयकॉन दिसले तर पॅनल चित्र काढतं आहे, फक्त मागचा दिवा गेला आहे. जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये हा दिवा म्हणजे बारीक नळ्या आणि त्यांना जास्त दाब पुरवणारं वेगळं सर्किट असे, नव्यांत एलईडीच्या पट्ट्या असतात. हे दुरुस्त होतं, पण घरी करायचं काम नाही.

पेटी चालू होते, पंखा फिरतो, चित्र मात्र येत नाही आणि आतून बीप-बीप ऐकू येतं, तेव्हा पहिला संशय रॅमवर घ्यावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ पंख्यावाटे आत जाते आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर, सॉकेटात बसते. प्लग भिंतीतून काढा, पेटी उघडा, रॅमची पट्टी काढा, सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबरानं हलकेच पुसा, भुगा झटका, पट्टी दोन्ही बाजूंनी ‘कट’ आवाज येईपर्यंत बसवा. ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीतल्या कितीतरी पेट्या इथंच चालू होतात.

विजेचा प्रश्न मात्र मुखेड तालुक्यात कुणी टाळू शकत नाही. घराच्या बोर्डातली तिसरी, जाड पिन अनेक ठिकाणी नुसती भोकापुरती असते, तिच्या मागे अर्थिंगची तार जमिनीपर्यंत गेलेलीच नसते. पेटीच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ते यामुळे. पेटीतल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतला गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात. जमिनीची वाट नसेल तर ते पत्र्यावरच साधारण मुख्य दाबाच्या निम्मा दाब उभा करतात. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून झटका जोराचा बसत नाही, पण तोच प्रवाह व्हीजीए वायरीत आणि स्पीकरच्या वायरीत घुसतो. पडद्यावर खालून वर सरकणारे अंधुक पट्टे आणि स्पीकरमधली सतत गुणगुण, या दोन तक्रारी एकत्र दिसल्या की दुकानात जाण्याआधी वायरमनला बोलवा. अर्थिंग नीट झालं की दोन्ही एकदम जाऊ शकतात. इन्व्हर्टरवर गेल्यावरच मॉनिटर गुणगुणत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे का ते बघा. संगणकासाठी साइन लहरीचा घ्यावा.

२०२५च्या ऑगस्टमध्ये लेंडी नदीच्या पुराचं पाणी हसनाळ, रावणगाव या गावांत शिरलं, तेव्हा माणसांचे जीव गेले आणि घरंच्या घरं पाण्यात होती. अशा वेळी संगणकाचा विचार कुणाच्या मनात येणार? पण पाणी ओसरल्यावर घाईनं बटण दाबून बघण्याची चूक होते आणि वाचू शकणारं यंत्र जळतं. भिजलेली पेटी चालू करूच नये. हार्ड डिस्क काढून वेगळी ठेवावी, तीही कोरडी झाल्याशिवाय कशाला जोडू नये, आणि महत्त्वाच्या फाईली असतील तर ती जाणकाराकडेच द्यावी. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीच उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरांत काही वेळ जीवघेणा दाब राहतो.

आता फॉरमॅट मारल्यानंतर उद्भवणाऱ्या तक्रारीकडे येऊ. विंडोज टाकून आणलेल्या संगणकावर माणसं रुंद आणि बुटकी दिसतात, अक्षरं जाडीभरडी होतात. विंडोज नवं आहे, पण त्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर टाकलेला नाही, म्हणून ते ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालतं. तो बहुतेकदा १०२४ गुणिले ७६८ ठिपके देतो. मॉनिटरचं पॅनल १३६६ गुणिले ७६८ किंवा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं असेल तर ते चित्र ताणून बसवतं. संगणक किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं आहे तोच ठेवा. याच कामचलाऊ ड्रायव्हरवर व्हिडिओही अडखळतात, कारण चिपची व्हिडिओ उलगडण्याची ताकद वापरलीच जात नाही. चालू काम करताना पडदा गोठला किंवा काळा झाला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबून बघा. ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढाच पुन्हा सुरू होतो, उघडलेल्या फाईली जागेवर राहतात. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपल्यामुळे सध्या बरेच जण नवं विंडोज टाकून घेत आहेत. त्यांनी दुकान सोडण्याआधी पडद्यावरची माणसं नीट दिसतात का ते तिथंच पाहून घ्यावं.

व्हिडिओ न चालण्याच्या तक्रारी समजायला एक भेद लक्षात ठेवावा लागतो. एमपी४ किंवा एमकेव्ही हे फक्त डब्याचं नाव आहे, आत काय भरलं आहे ते त्यावरून कळत नाही. आतलं चित्र कोणत्या रीतीनं दाबून लहान केलं आहे, त्या रीतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ ही रीत २००३ची, एचईव्हीसी २०१३ची, एव्ही१ २०१८ची. प्रत्येक नवी रीत त्याच दर्जाचं चित्र कमी जागेत बसवते आणि ते उलगडायला जास्त कष्ट मागते. मोबाईलमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ चालू असेल तर त्यावर काढलेला बारशाचा व्हिडिओ एचईव्हीसीत असतो. तो जुन्या संगणकावर टाकला की आवाज येतो आणि चित्र काळं राहतं, किंवा चित्र तुटक तुटक येतं. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरातली ग्राफिक्स चिप एच.२६४ सहज उलगडते, पण एचईव्हीसीसाठी तिच्यात सोय नाही. सहाव्या पिढीपासून साधं एचईव्हीसी जमतं, एव्ही१ अकराव्या पिढीपासून. संगणक बिघडलेला नाही, त्याच्या जन्मानंतर आलेली रीत त्याला हातानं, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण भार घेऊन, सोडवावी लागते. मोबाईलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ किंवा एच.२६४ निवडलं की पुढचे व्हिडिओ चालतील. आधीचे हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं एच.२६४मध्ये बदलून घेता येतात.

यूट्यूब अडकतं तेव्हा सगळा राग नेटवर निघतो. चालू व्हिडिओवर उजवं क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. तिथं व्हिडिओची रीत लिहिलेली असते आणि गळलेल्या चित्रांची संख्याही दिसते. पुढच्या व्हिडिओचा साठा (बफर) भरपूर जमलेला दिसतो आहे आणि गळलेली चित्रं मात्र भराभर वाढत आहेत, तर नेट चांगलं आहे आणि संगणकच मागे पडतो आहे. दर्जा ७२० किंवा ४८० वर आणा, लगेच फरक पडेल.

पडदाभर हिरवा रंग आणि मागून आवाज चालू, ही तक्रार ऐकली की कुणालाही व्हायरसची शंका येते. खरं कारण गणिताचं आहे. व्हिडिओत लाल-हिरवा-निळा असे आकडे साठवत नाहीत, एक आकडा उजेडाचा आणि दोन रंगांचे साठवतात. चित्र उलगडलंच नाही आणि तिन्ही आकडे शून्य राहिले, तर रूपांतराच्या सूत्रात लाल आणि निळा ऋण होऊन शून्यावर अडकतात आणि फक्त हिरवा उरतो. हिरवा पडदा म्हणजे चित्राची रिकामी जागा. व्हीएलसीमध्ये ‘टूल्स’, मग ‘प्रेफरन्सेस’, मग ‘इनपुट-कोडेक्स’ इथं हार्डवेअरची मदत बंद करून बघा, बहुतेकदा चित्र येतं. व्हीएलसी हा प्लेअर १९९६ साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून आला, २००१पासून मुक्त आहे आणि त्याचे कोडेक त्याच्यातच असतात. म्हणून जे विंडोजचा प्लेअर उघडत नाही ते तो उघडतो. ओठ आणि आवाज यांचा मेळ बसत नसेल तर त्यात जे आणि के ही बटणं आवाज मागे-पुढे सरकवतात. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसत असतील तर सबटायटलचा फॉन्ट ‘निर्मला यूआय’ करा आणि सांकेतिक पद्धत यूटीएफ-८ ठेवा.

आवाजाचा उलगडा सोपा आहे. एचडीएमआयनं टीव्ही किंवा मॉनिटर जोडला की विंडोज आवाजही तिकडंच पाठवू लागतं, मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावरून आपला स्पीकर पुन्हा निवडावा.

मराठी मजकुराचंही असंच आहे. पतसंस्थेची, शाळेची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची वर्ड फाईल उघडली आणि सगळी इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसली, तर फाईल खराब नाही. ती श्रीलिपी, शिवाजी किंवा सी-डॅकच्या सुरेखसारख्या फॉन्टात टाइप केलेली असते. या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असे. फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी अक्षर उघडं पडतं. देवनागरीला स्वतःची जागा युनिकोडनं १९९१ मध्येच दिली होती, पण छापखाने आणि कचेऱ्यांत तिचा वापर रुळायला फार वर्षं गेली. तोच जुना फॉन्ट संगणकात टाकला की मजकूर जसाच्या तसा दिसतो, मग परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून ठेवावा. फॉरमॅटमध्ये हे जुने फॉन्ट पुसले जातात, म्हणून त्यांचा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घ्यावा.

लग्नाच्या जुन्या सीडींसाठी मात्र घाई करायला हवी. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरात डॅट फाईली असतात, एका सीडीत साधारण ७४ मिनिटं. विंडोज ८पासून मीडिया प्लेअरमधली डीव्हीडी चालवण्याची सोय काढली गेली, त्यामुळे घरात ‘डीव्हीडी खराब झाली’ असं म्हणतात. व्हीएलसीत ती चालते. चालताना हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर डी बटण दाबा. टीव्हीसाठी सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं नोंदवली जात, त्या दोन अर्ध्यांचा मेळ ते बटण घालतं. पण डिस्कवरचा रंगाचा आणि चमकीचा थर दमट कपाटात सुटत जातो आणि एकदा सुटला की परत येत नाही. एका ड्राइव्हमध्ये अडकलेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये कधी कधी पूर्ण वाचली जाते, म्हणून शेजाऱ्याचा जुना संगणक बाद व्हायच्या आत त्याच्यावर लावून बघा, आणि वाचलेली फाईल एका ठिकाणी न ठेवता घरच्या डिस्कवर एक आणि दुसऱ्या घरी एक अशी ठेवा.